शिंदेमामांनी मशीन पुसलं

दुपारी शिंदेमामांना ऑफिसात बोलावून पत्र दिलं. उद्यापासून येऊ नका, एवढंच त्यात होतं. आमच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढलेला हा माणूस परत आला आणि रोजच्यासारखं आपलं लेथ मशीन पुसू लागला.

"मामा, आता कशाला?" मी विचारलं.

"उद्या इथं कुणीतरी उभं राहीलच ना." मग फडकं थांबवून म्हणाले, "दोनदा बोलावणं आलं होतं रे दुसरीकडून. तेव्हाचे साहेब म्हणाले, तुम्ही गेलात तर आमचं कसं व्हायचं? राहिलो."

ते साहेब स्वतः कधीच दुसऱ्या कंपनीत निघून गेले.

सोडायची वेळ कळत नाही असं नाही. पण नेमकं तेव्हाच कुणीतरी आपण हवे आहोत म्हणतं, आणि त्या एका शब्दावर माणूस आयुष्य काढतो. मीही काढलं. आता पन्नाशीत मला कोण बोलावणार?

मामांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. वॉचमननं सहज विचारलं, "आज लवकर?"

मामा हसून फाटकाबाहेर पडले. मी आत वळलो. पाळी संपायला अजून तीन तास होते.