अण्णांच्या सीटचा डावा कोपरा

अण्णांची जुनी अँबेसिडर म्हणजे आमच्या घराचं फिरतं कार्यालय. मागच्या सीटवर चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांवर मी. सभा टेंभुर्णीला असो की आष्टीला, गाडी अण्णा, म्हणजे माझे वडील, स्वतःच चालवायचे.

गेल्या वर्षी ड्रायव्हरच्या सीटचं रेक्झिन फाटून काथ्या बाहेर आला. मी जाहीर केलं, हे काम घरीच करणार. आईचं शिलाई मशीन होतं, आणि बाईनं गाडीची सीट शिवू नये असं कुठे लिहिलंय?

ही सीट मुळात शेजारच्या चाचांनी भरलेली. सीटा भरण्यातच त्यांचा जन्म गेला. ते दारात येऊन म्हणाले, "शिव बेटी, बिलकुल शिव. पण उसवायच्या आधी अण्णाला बसव. पाठीमागं, खाली हात घालून बघ, खडूनं खुणा कर. त्याबिगर आम्ही कात्री लावत न्हाई."

"चाचा, सीट आहे, सिंहासन न्हाई. ही सरंजामी थेरं बंद करा आता."

"मंग तुझी मर्जी," म्हणत ते हसत गेले.

अण्णा गावाला गेल्यावर मी सीट उसवली. आत डाव्या कोपऱ्यात काथ्याचा टणक गोळा, उजवीकडे खळगा. उच्चनीचतेविरुद्ध भाषणं देणारी मी. मला ते सहनच होईना. गोळा उपसून जाळला, सगळीकडे सारखा फोम बसवला. शिलाई अगदी सरळ आली.

अण्णा परतले, चौकापर्यंत चक्कर मारून आले. उतरल्यावर दाराला धरून जरा वेळ उभे राहिले. "झकास केलंस," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून एसटीनं जाऊ लागले. म्हणे, नजर पहिल्यासारखी राहिली नाही.

मी चाचांना गाठलं, जाळलेल्या गोळ्याचं सांगितलं.

"मोर्चात त्याचा डावा खुबा मोडल्ता. तू पोटात होतीस. तो गोळा मी पाचदा खोलून बराबर केल्ता."

अण्णांनी हे मला कधी सांगितलंच नव्हतं. "परत भरा ना, चाचा."

"भरतो की. पण माप त्याच्या अंगात हाय. त्याला बसव."

अण्णांना मी तीनदा म्हटलं, माझं चुकलं, सीट परत खोलू. तिन्ही वेळा एकच उत्तर. "मला काय होतंय? तुझी शिलाई उसवायची न्हाई."

भल्याभल्यांना तोंडावर खरं सुनावणारा हा माणूस.

आज सकाळी त्यांना अंबडच्या स्टँडवर सोडलं. आष्टीच्या एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली होती. गाडी हलायच्या आतच ते उठले आणि वरची दांडी धरून उभे राहिले. मी बघतेय हे दिसल्यावर घाईघाईनं परत बसले.