मोठा म्हणजे केवढा?

सुमनमावशींना मी पहिल्यांदा पाहिलं ते सुरतबाहेरच्या पोलाद कारखान्याच्या बंद फाटकाशी. त्यांचे यजमान आनंदा सोनवणे तिथे भट्टीवर होते. वितळलेलं पोलाद अंगावर सांडून ते त्या सकाळी गेले होते. ती जागा तरी बघू द्या, एवढंच मावशी मागत होत्या. रखवालदार फाटक उघडेना. शेवटी मी त्यांना माझ्या रिक्षातून शहरातल्या लिंबायत भागात त्यांच्या घरी आणलं. वाटभर त्या रडल्या नाहीत. उतरताना म्हणाल्या, "माले आत जाऊ दिधं नही, भाऊ. ध्यानमा ठेव."

कारखान्याने हात झटकले: आनंदा आमचा नव्हे, ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार म्हणाला, चूक त्याचीच. गावाकडच्या दिरांनी खानदेशात परत बोलावलं, पण मावशी सुरत सोडून गेल्या नाहीत. साड्यांना लेस लावून त्यांनी दोन्ही मुली वाढवल्या. गल्लीत त्यांना भांडखोर म्हणत. रेशन दुकानदार असो, डॉक्टर असो, कुणी समजूत घालू लागलं की त्या म्हणत, "गोड बोलीसन माले गुंडाळू नको." त्यांच्याशी वाद घालायची माझी कधी छाती झाली नाही.

पुढे कारखाना बंद पडला. बरीच वर्षं गंजत पडल्यावर त्याचं वारसास्थळ झालं. भट्टीसमोर लोकांसाठी उंच सज्जा बांधला, कठडा घातला, कुंड्या मांडल्या. मुली नको म्हणत असताना मावशी माझ्या रिक्षात बसल्या. इतक्या वर्षांनी त्यांना आत प्रवेश मिळाला, तोही कठड्यापर्यंत.

भट्टीत लाल दिवे लावले होते. लोक तिच्याकडे पाठ करून फोटो काढत होते. माहिती सांगणारी मुलगी मालकांच्या दूरदृष्टीबद्दल बोलली आणि शेवटी म्हणाली, इथे कधीच मोठा अपघात झाला नाही.

"मोठा म्हंजे केवढा, बेटी?" मावशींनी विचारलं.

मुलगी गोंधळली. मावशींनी भट्टीकडे बोट केलं. "मना माणूस तठे मरना. तुम्हले तो केवढा पाहिजे व्हता?"

तिथली व्यवस्था बघणारे साहेब धावत आले. ऑफिसात चला, चहा घेऊ, जरा हळू बोला, असं म्हणू लागले. मावशी जागच्या हलल्या नाहीत. एकाने मोबाईल त्यांच्याकडे वळवला, तेव्हा त्या त्याच्यावर उखडल्या, "मना फोटू नको काढू. त्या जागाना काढ." अखेर रखवालदाराने दंड धरून त्यांना बाहेर आणलं.

त्यानंतर त्या दर रविवारी जात राहिल्या आणि तोच प्रश्न विचारत राहिल्या. शेवटी ते वाक्य माहितीतून काढून टाकलं. आनंदाचं नाव मात्र कुठेच लागलं नाही. गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. मुलींनी वडिलांच्या नावाच्या पाटीसाठी अर्ज केला, तर उत्तर आलं की असा कामगार नोंदीत नाही. ते वाचून माझं डोकं फिरलं.

परवा मी एकटाच सज्ज्यावर गेलो. तीच मुलगी बोलत होती. एका बाईने विचारलं, "इथे कुणी दगावलं होतं का?" मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. साहेब पलीकडेच उभे होते.

"हो," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "आनंदा सोनवणे. त्या भट्टीवर."

रखवालदार माझ्या दिशेने निघाला. मी पुन्हा नाव घेतलं.