डेव्हनवरचे हॉर्न

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवर एका मिठाईच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. मी रात्रपाळीची नर्स. सकाळी घरी येते, नऊला पडदे ओढते आणि दहाला दुकान उघडलं की खाली हॉर्न सुरू होतात. आपल्या लोकांची ही खास रीत. फोनवर ऑर्डर द्यायची, पार्किंग शोधायचं सोडून भर रस्त्यात गाडी उभी करायची आणि दुकानातले शेठ डबा घेऊन बाहेर येईपर्यंत हॉर्न दाबायचा. मागे बस खोळंबली की तीही वाजवते.

दोन वर्षं सोसलं. मग एका रात्री एका पेशंटचं इन्शुलिन मी सिरिंजमध्ये दुप्पट भरलं. सोबतच्या नर्सने तपासताना पाहिलं म्हणून तो माणूस वाचला. भीती वाटली आणि त्याहून जास्त राग आला. माझ्या झोपेवर कुणाचा तरी जीव टांगलेला होता, आणि खाली लोकांना जिलेबी गरम हवी होती. त्याच सकाळी ठरवलं की हे बंद करायचं.

पोलिसांना फोन केला. ते येईपर्यंत गाडी जिलेबी घेऊन पसार. शेठ म्हणाले, "ताई, कस्टमर है. मैं क्या बोलूँ?" मग मीच खाली उतरू लागले. गाउनवर ओढणी घेतली की मराठी बाई कुठेही जाऊ शकते, अगदी शिकागोतसुद्धा. काच वाजवायची आणि म्हणायचं, "काका, नाइट ड्यूटी करून आलेय. झोपू द्या." काका ओशाळायचे, सॉरी म्हणायचे. पण दर वेळी काका नवे.

शेवटी सुट्टीच्या शनिवारी दुकानाच्या दारातच स्टूल टाकून बसले. प्रत्येक डब्यावर गाडीचा रंग लिहायला शेठना भाग पाडलं. त्या रंगाची गाडी हळू झाली की डबा उचलायचा आणि हॉर्नवर हात जायच्या आत खिडकीतून द्यायचा. दिवसभर. नवरा म्हणाला, "यार, लोक काय म्हणतील?" म्हटलं, म्हणू देत. तिसऱ्या शनिवारी शेठनाच बघवेना. "सिस्टर होकर आप डिब्बे उठा रही हैं," म्हणत त्यांनी स्टूल घेतलं आणि स्वतः बसले. अजून रोज बसतात.

सोमवारी मी चारपर्यंत झोपले. कचरा टाकायला खाली गेले तर दुसऱ्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. त्या बेकरीत काम करतात, संध्याकाळी सहाला झोपतात आणि जग झोपलेलं असताना कामावर जातात. मी फुशारकीने सांगितलं, हॉर्न बंद केले मी.

त्या इंग्रजीत म्हणाल्या, "फार छान केलंस. आता दोनच राहिले. तुझ्या नवऱ्याचे, रोज साडेसहाचे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा मला रोज हॉस्पिटलला सोडतो. ऑफिसातून येतो, खाली गाडी थांबवतो आणि दोनदा वाजवतो. नागपूरला लग्न ठरल्यापासून तो मला असाच बोलावतो, आधी स्कूटरवरून, आता गाडीतून. त्याला मी कधी हॉर्न समजलेच नव्हते. माझ्या लेखी ती हाक होती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! आणि त्या बाई एकदाही ओढणी घेऊन खाली आल्या नव्हत्या.

नवऱ्याला फोन करून सांगता आलं असतं. मुद्दाम केला नाही. साडेसहाला खाली दोन हॉर्न वाजले. मी युनिफॉर्मवर ओढणी घेतली, खाली उतरले आणि काच वाजवली. त्याने हसत काच खाली केली.

"काका," मी म्हणाले, "वर एक बाई झोपल्यात. झोपू द्या."