दिन आणि दीन

माझी थोरली बहीण केजला शाळेत मराठी शिकवायची. मागच्या वर्षी तिच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. बोलणं परत आलं, पण दिन आणि दीन हे शब्द तिला सारखेच ऐकू यायला लागले. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी तिला दोन आवाज ऐकवले, एक आखूड, एक लांब. ताईला दोन्ही सारखेच वाटले.

"कान चांगले आहेत," बाई म्हणाल्या. "आवाज किती वेळ चालला, ते मेंदूला कळत नाही. बाकी बुद्धी शाबूत आहे."

परतताना जीपमध्ये दाजी ताईसमोरच शेजारच्या माणसाला म्हणाले, "लई हुशार हुती. आता डोकं गेलं हिचं."

"मला समदं कळतंय," ताई म्हणाली.

"दाजी, बाई काय बोलल्या ते ऐकलं न्हाई का?" मी विचारलं.

"तू गप बस बे."

पुढच्याच आठवड्यात दाजी शाळेत सांगून आले की ही आता शिकवणार नाही. मग तिला माझ्या दारात आणून सोडलं. बायको वेडी झाली, असं ते अजून गावभर सांगत फिरतात. ताई रोज माझ्या मुलीचा अभ्यास घेते, आणि दाजींचा विषय निघाला की उठून आत जाते.