अक्कल सात

गणितात पास व्हायला चार मार्क कमी पडले म्हणून एका जादूगाराची जादू काढून घेतलेली मी डोंबिवलीत बघितली आहे. आजही आठवलं की किळस येते.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाच्या काकाने परदेशातून एका खेळाचं पुस्तक आणलेलं. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, योद्धा, चोर, जादूगार, काय हवं ते, आणि ते काय करतंय ते बोलून सांगायचं. पात्राची ताकद किती, धीर किती, अक्कल किती, ते सुरुवातीलाच फासे टाकून ठरवायचं. पुस्तक त्या मुलाचं म्हणून सूत्रधार तोच, म्हणजे नियमही त्याचेच. रविवारी त्याच्या हॉलमध्ये आम्ही चौघं बसायचो.

जादूगार होता माझा मित्र. खाडीकडच्या कोळीवाड्यातला, शाळेत माझ्याच बाकावरचा. आगीचा गोळा नुसता "टाकला" असं तो कधी म्हणायचा नाही. आधी तळवे चोळायचा, मग आवाज खाली आणायचा. "बघा रे, बोटांच्या फटीतनं उजेड येतोय... मागं व्हा, भुवया जळतील!" आम्ही खरंच मागे सरकायचो, सूत्रधारसुद्धा. वर्गात मान खाली घालून बसणारा हा मुलगा आठवडाभर त्या रविवारची वाट बघायचा.

मग दहावीचा निकाल लागला. तो गणितात गेला. पुढच्या रविवारी सूत्रधार म्हणाला, "पुस्तकात जादू अकलेवर चालते. आपण अक्कल फाशांवर काढलेली, ते काही बरोबर नाही. आता गणिताचे खरे मार्क लावू." आणि माझ्या मित्राकडे न बघताच, "तुझी अक्कल सात, जादूला दहा तरी लागते. जादू बंद. तू आता आमचं सामान उचल."

शी! सोफ्यावर बसलेल्या सूत्रधाराच्या वडिलांनी पेपरातून डोकं काढलं आणि म्हणाले, "अगदी लॉजिकल आहे."

माझं डोकंच फिरलं. "डोंबलाचं लॉजिकल! मग ताकदीला का नाही खरं-खोटं लावत? माझा योद्धा दरवाजे फोडतो, मला घरचा सिलिंडर हलत नाही! आणि जादू अकलेवरच का रे? बोलण्यावर लाव, धीरावर लाव. ज्याचं ऐकून आपण घाबरतो त्याची जादू चालते, एवढा साधा नियम कर ना!"

"पुस्तकात तसं नाहीये," सूत्रधार म्हणाला.

माझा मित्र उठला. चपला घातल्या आणि गेला. आमच्यातला चौथा शाळेत गणितात पहिला आलेला, त्याने लगेच जादूगार घेतला. "आगीचा गोळा टाकला," तो म्हणाला, "आठ नुकसान." कुणीही मागे सरकलं नाही. सूत्रधाराने शत्रूच्या ताकदीतून आठ वजा केले आणि पोह्यांच्या बशा पुढे सरकवल्या. मी बशीला हातही लावला नाही, इतकी त्या घराची घाण वाटली मला.

संध्याकाळी मी कोळीवाड्यात गेलो. तो ओट्यावर एकटाच बसलेला. म्हटलं, "अरे, मार गोळी त्यांना. आपण दोघंच खेळू. नियम माझे. तू जादूगार."

तो हसला. "नको रे. मला सामान उचलणाराच दे."

"अरे, पण का?"

"आणि अक्कल सातच लिही," तो म्हणाला. "उगाच खोटं कशाला लिहायचं?"