केपवाल्यांची सून

माझ्या सासरच्या घराला गावात ‘केपवाले’ म्हणतात. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या त्या गावात घरटी एक माणूस आखातात असतो, पण आमचं हे नाव आखाताच्या फार आधीचं. माझ्या सासऱ्यांचे आजोबा इंग्रजांच्या अमदानीत बोटीने आफ्रिकेच्या पार टोकाला, केपटाऊनला गेले आणि तिथेच वसले. गावातून तिकडे जाऊन घर करणारे ते पहिले. लग्न होऊन आले तेव्हा मला हे नाव नुसतं ऐटीचं वाटलं होतं. त्यामागची हकीकत कळली ती सौदीत, जुबैलला, आणि अशा दिवसांत कळली की ती ऐकून माझी झोपच उडाली.

सौदीकरण जोरात होतं. ज्या कंपनीत पुरेशी सौदी माणसं नाहीत ती सरकारी यादीत लाल रंगात जायची, आणि लाल कंपनीतल्या परदेश्यांचे इकामे नवे होत नसत. इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. हे एका कंत्राटदाराकडे स्टोअरकीपर होते. कंपनी लाल झाली. यांचा इकामा संपला, त्याबरोबर माझा आणि मुलीचाही संपला. मालक, म्हणजे आमचा कफील, आज करतो, उद्या करतो म्हणत राहिला.

मग घरात भीती राहायला आली. शेजारचा केरळी माणूस खाली खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणायला गेला, त्याला पोलिसांनी उचललं, तो परत आला नाही. त्याची बायको दार उघडं टाकून जिन्यात बसून होती, ते मी पाहिलं. त्यानंतर मी खिडक्यांचे पडदे दिवसासुद्धा सरकवेनाशी झाले. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की हातातलं भांडं तसंच धरून उभी राहायची. मुलगी दुसरीत होती. दारावर थाप पडली तर बोलायचं नाही, असं तिला शिकवलं होतं. ती कानात विचारायची, “मम्मी, हमने क्या किया है?”

अब्बा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले होते. जुबैलमध्ये समुद्रात भराव घालून कारखान्यांना जागा होत होती तेव्हा त्यांनी इथे डंपर चालवला होता. आता डोळ्यांत मोतीबिंदू होता. दुपारी हे कामावर असताना ते माझ्यासमोर बसून भाजी निवडू लागत. नातेवाईक फोनवर एकच सांगत होते: पोरीला घेऊन तू गावी जा, नवरा मागाहून येईल. मी ते अब्बांना सांगितलं. शेंगा सोलता सोलता त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली.

आजोबांचं केपटाऊनला किराण्याचं दुकान होतं. तिथल्याच एका मुसलमान घरातली मुलगी त्यांनी केली होती, तिच्यापासून एक लेक होती. आई आजारी असल्याचा निरोप आला म्हणून ते गावी निघाले. जाताना तिथल्या सरकारकडून ठरावीक मुदतीचा परवाना घ्यावा लागे, आणि त्या मुदतीत परतलं नाही तर दार बंद. आई लवकर बरी होईना. ती गेली, तिचे दिवस झाले, तोवर पहिलं महायुद्ध पेटलं आणि बोटी मिळेनात. मुदत उलटून गेली. पुढे ते कितीदा तरी मुंबईला जाऊन कचेरीत उभे राहिले. साहेब कागद पाहायचा आणि मान हलवायचा. काही वर्षांनी गावच्याच एका खलाशाने सांगितलं, बाईने दुसरं लग्न केलं. मग आजोबांनीही गावात निकाह लावला, त्यातून अब्बांचे वडील झाले.

“म्हातारपणी नारळ मोजायला बसले की तिकडच्या बोलीत मोजायचे,” अब्बा म्हणाले. “मधेच थांबायचे. आम्हां पोरांना वाटायचं, आकडा विसरले.”

मी गावी जायचं नाही असं त्या दुपारी ठरवलं. पण भीती कमी झाली नाही, तिला फक्त चेहरा मिळाला. स्वयंपाक करताना ती केपची बाई माझ्या डोळ्यांपुढे यायची. बंदरावर नवऱ्याला पोचवून घरी गेलेली, आता येईल म्हणून वाट बघणारी.

नंतर एका शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर धुळीचं वादळ उठलं. मुलीला दमा होता. दुपारभर तिची छाती शिट्टी वाजल्यासारखी वाजत होती, मग ओठ काळपट दिसू लागले. विमा इकाम्याबरोबरच संपला होता, तरी यांनी गाडीची किल्ली उचलली. अब्बा पुढे बसले, मी मागे पोरीला मांडीवर घेऊन. हवा पिवळी झाली होती. रस्ता दिसत नव्हता, आणि त्या धुळीतून एकदम चौकीचे निळे दिवे दिसले. वळायला जागा नव्हती.

पोलीस तरुण होता, तोंडाला रुमाल गुंडाळलेला. त्याने इकामा मागितला, मशीनमध्ये पाहिला आणि यांना उतरायला सांगितलं. हे उतरले. अब्बांनी त्यांच्या जुन्या मोडक्या अरबीत सांगितलं, पोर आजारी आहे, तिला इस्पितळात न्यायचंय, गाडी मी चालवतो. पोलिसाने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि नकार दिला. बायकांना तेव्हा गाडी चालवायची परवानगीच नव्हती; आणि असती तरी मला येत नव्हती.

त्याने दार उघडून मुलीकडे पाहिलं. मग यांना दुसऱ्या पोलिसाच्या हवाली केलं आणि स्वतः आमच्या गाडीत स्टिअरिंगवर बसला. “यल्ला,” म्हणजे चला, एवढंच म्हणाला.

मी मागच्या काचेतून पाहिलं. हे धुळीत उभे होते, एक हात वर केलेला. लगेच दिसेनासे झाले.

तो रस्ता मी कधी विसरणार नाही. परका, वर्दीतला माणूस आमची गाडी हाकतोय, आणि कुठे नेतोय ते कळत नाही. इस्पितळात की कोठडीत? विचारायची माझी छाती होत नव्हती. पोरीच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि तिचा प्रत्येक श्वास पुढचा येईल की नाही म्हणून ऐकत होते. ती मधेच पुटपुटली, “पापा किधर हैं?” अब्बा मागे वळले नाहीत, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

गाडी इस्पितळाच्याच दारात थांबली. खिडकीवर इकामा मागितला. पोलिसाने आतल्या माणसाला दोन शब्द सुनावले, गाडीची किल्ली अब्बांच्या हातात दिली आणि तो निघून गेला. तोंडावरचा रुमाल त्याने शेवटपर्यंत काढला नाही. आतली नर्स सांगलीकडची निघाली. वाफ देता देता मला म्हणाली, “ताई, आता रडा. पोरीचा श्वास मोकळा झालाय.”

मुलगी सावरली. यांचा मात्र पत्ता नव्हता. दम्मामच्या तरहीलमध्ये, म्हणजे परत पाठवायच्या लोकांना ठेवतात तिथे, नेलंय एवढं कळलं. फोन बंद. अब्बा रोज सकाळी कफीलच्या ऑफिसात जाऊन बसत, कुणी हाकललं तर बाहेरच्या पायरीवर बसत. शेवटी कफीलने तोंड दाखवलं आणि जामीन दिला. हे घरी आले ते दाढी वाढलेले, आणि दाराशी बूट काढायला वाकले ते वाकूनच राहिले.

कफीलने एक वाट सुचवली होती: दुसऱ्या कंपनीत बदली करून देतो, बायकोमुलीला तेवढं पाठवून दे. यांचं मन डळमळत होतं. इतक्या वर्षांची नोकरी होती.

मी म्हटलं, “गेलो तर सगळे एकदम जाऊ. नाहीतर कुणीच नाही.”

हे अब्बांकडे पाहू लागले. अब्बा म्हणाले, “तिचं ऐक.”

फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जायचा परवाना, घेतला. विमानतळावर मी आणि मुलगी शिक्का मारून पलीकडे गेलो, आणि यांच्या बोटांचे ठसे मशीन घेईना. अधिकारी पासपोर्ट घेऊन आत निघून गेला. मधे एक काच. मला परत अलीकडे येऊ देईनात. अब्बांचा शिक्का झाला होता, ते पुढे येऊ शकत होते, पण मुलाच्या दंडाला धरून तिथेच उभे राहिले. मागची रांग कुरकुरत होती, शिपाई हाताने पुढे व्हा म्हणत होता. अब्बा हलले नाहीत. मी काचेला हात लावून उभी होते आणि मनात एकच चाललं होतं, आता विमान जाईल.

अधिकारी आला, त्याने शिक्का मारला, मान वर न करता म्हणाला, “खलास.” म्हणजे झालं, जा.

विमानात हे लगेच झोपी गेले. मी त्यांची बाही मुंबई येईपर्यंत मुठीत धरून ठेवली होती. आता गावात आमचं लहानसं दुकान आहे, मुलगी कॉलेजात जाते. तरी अजूनही हे बाजाराला निघाले आणि उशीर झाला की मी ओट्यावर येऊन उभी राहते, आणि ते वळणावर दिसेपर्यंत मला आत जाववत नाही.