उपडी पाटी

सारसोळ्याची भागीरथी टुरिस्ट व्हिसावर दुबईला लेकाकडे गेली. निघताना तिने नेरुळच्या बाजारात आपली माशांची पाटी जागेवर उपडी घातली. तिथल्या बायकांचा तसा रिवाजच आहे. पाटी उपडी असेपर्यंत त्या जागेवर दुसरी कोणी बसत नाही.

तिकडे नातू झाला आणि तेजसने आईला कायमचं ठेवून घ्यायचं मनावर घेतलं. व्हिसा तिथल्या तिथे बदलता येतो, घरी परतायचीही गरज नाही, म्हणून तो खुशीत होता. रक्त तपासलं, बोटांचे ठसे दिले, आणि लांब मुदतीचा व्हिसा झाला.

मग भागीरथीने बाजारात शेजारी लिंबं-कोथिंबीर विकणाऱ्या वेणूबाईला फोन लावला.

"वेणू, मी आता हितंच ऱ्हानार हाय. माजी पाटी उचल आनि जागा माज्या जावेला दे."

"मी न्हाय हात लावायची," साताऱ्याची वेणूबाई फटकन म्हणाली. "दुसरीनं पाटी उचलायची ती बाई मेल्यावर. तू जित्ती हायस न्हवं? मग ये आन् तुझी तूच उचल."

भागीरथी दोन दिवस तणतणली. शेवटी तेजसने कपाळाला हात लावून तिचं आठवड्याभराचं जायचं-यायचं तिकीट काढलं.

आठवडा सरत आला तसा त्याने फोन केला. "आई, दिलीस का जागा?"

मागे गिऱ्हाइकांचा कालवा चालला होता.

"देते रे," भागीरथी खेकसली, "आदी एवढे बोंबील तर खपू दे!"